गुरुलिंगचा हेंडगा

लाईट गेलीय, तर ऐका. हसायचं असेल तर आताच हसून घ्या, मधे नको. गुरुलिंग माझा दोस्त. खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. त्या सालची वेळाअमावास्या, म्हणजे रब्बीच्या उभ्या पिकाची पूजा करायचा आमच्याकडचा सण. पावसानं दगा दिलेला, उदगीरकडच्या आमच्या गावात पाणी उरलं होतं ते फक्त गुरुलिंगच्या विहिरीत. सगळं गाव तिथंच भरायचं.

वेळाअमावास्येला अंधार पडला की गवताचा पेटता हेंडगा घेऊन पिकाभोवती फिरतात. गुरुलिंगच्या शेतात मात्र कधीच नाही. त्याच्या अज्जाची, वीरभद्रप्पाची, सक्त मनाई होती. अज्जा इंग्रजाच्या घोड्यांचा मोतद्दार म्हणून आफ्रिकेत गेलेला. तिथं बोअर नावाचे गोरे शेतकरी होते. त्यांच्या मुलखात सोनं निघालं आणि इंग्रजाला तो मुलूख हवासा झाला. बोअर हटेनात, तेव्हा साहेबानं त्यांची घरं जाळायला लावली. अज्जानंही चूड लावली. त्याच पगारातून हे शेत आलं, ही विहीर आली.

त्या साली गाव टोचायला लागलं, हेंडगा न्हाई म्हणून पाऊस न्हाई. गुरुलिंग चिडला.

"नगं रे लेकरा," म्हातारी आई नागम्मा म्हणाली.

"लई झालं अव्वा. मेलेल्याला किती भ्यायचं?"

एकटाच निघाला. निम्मी फेरी झाली, तोच मागं पावलं वाजली. त्याला वाटलं, बायको.

"तारामती, घरी जा."

…

"ऐकू येईना का?"

…

तो वळला. एक बाई. गोरी. पायघोळ झगा, काठ जळालेला. ती त्याच्याकडं बघत नव्हती. आगीकडं बघत होती. मग विहिरीकडं चालू लागली.

हेंडगा विझला. वारा नव्हता.

अंधारात… धप.

पुन्हा… धप.

सकाळी बायका घागरी घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. पाण्यावर मेलेली मेंढरं, फुगलेली. नागम्मानं विहिरीत वाकून पाहिलं.

"जाळलं, तेवढंच सांगायचे मामंजी. मरताना बोलले, एका बाईच्या विहिरीत मेलेली मेंढरं टाकली, ती परत येऊ नये म्हणून. लेकरं तहानलीत म्हणून ती पाया पडत होती."

त्या गोऱ्या बाईचा राग मला कळतो. पण आमच्या लेकरांनी तिचं काय बिघडवलं होतं? पंधरवड्यात निम्मं गाव उठून गेलं.

मेंढरं मीच दोर लावून वर काढली. आपल्याकडचं मेंढरू काळं, राठ केसांचं. ही पांढरीशुभ्र होती, दाट कुरळ्या लोकरीची. सबंध तालुक्यात तसलं मेंढरू कुणाकडंच नव्हतं.