चादरीवरचं मीठ

ही गोष्ट दोन हजार एकोणीसच्या सुरुवातीची. पनवेलच्या एसटी स्टँडसमोर तेव्हा उसाच्या रसाचं जुनं दुकान अजून तग धरून होतं. त्याच्या माडीवर डॉक्टर किशोरींचा दवाखाना.

दिपिका तिथं तिसऱ्यांदा आली होती. लग्नाला चार वर्षं झाली होती. भावेशवर, नवऱ्यावर, तिचा जीव होता. पण तो जवळ आला की तिचं अंग लाकडासारखं ताठरायचं. प्रत्येक वेळी असह्य दुखायचं. असंच चाललं तर संसार सुटेल, या धास्तीनं ती झुरत होती.

तपासणीच्या टेबलावर आडवी होताच पाठीला काही टोचलं. ती उठून बसली. नुकत्याच अंथरलेल्या चादरीवर जाडं मीठ पसरलं होतं.

"परत? हिचा नवरा मिठाचा व्यापारी हाय का काय!" आयाबाई जनी म्हणाली. "मॅडम, आताच झटकलेली चादर हाय. मी नाय सांडलं."



डॉक्टरांनी छत पाहिलं, खिडकी पाहिली. मग स्टूल ओढून बसल्या.

"आज तपासत नाही. तू हो म्हणेपर्यंत हात लावणार नाही. हे मीठ कुठलं, माहीत आहे तुला?"

दिपिकाला वास आला. ओल्या गोणपाटाचा, खाडीच्या चिखलाचा. उरणजवळ द्रोणागिरीला आज कंटेनर उभे असतात, तिथं तिच्या लहानपणी मिठागरं होती. दुपारी त्या पांढऱ्या ढिगांनी डोळे दिपायचे. तिथल्या खोपटात तुळशीरामकाका तिला न्यायचा. आठ वर्षांची होती ती.

"काकानं," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा.

"तुझी चूक नव्हती, बाळा. अंग अजून तुला जपायला बघतंय. आता भीती नाही, हे त्याला हळूहळू शिकवू."

मीठ सरकलं.

फरशीवर सांडलं.

त्यात एक लहान, अनवाणी पाऊल उमटलं. मग दुसरं. दाराकडे.

जनीनं झाडू उचलला नाही.

पुढं दिपिका वर्षभर उपचारांना गेली. भावेश खाली रस पीत बसायचा. घाई त्यानं कधी केली नाही. एका दुपारी तिनंच त्याचा हात ओढून घेतला. दुखलं नाही. त्यांची मुलगी आता बालवाडीत जाते. डॉक्टर निवृत्त झाल्या. जनी गावी नातवंडांत रमलीय. रसाचं दुकान गेलं.

दिपिकानं माहेरी सगळ्यांना सांगितलं, तेव्हापासून तुळशीरामच्या खोलीकडे कुणी पोर फिरकत नाही. उरणला तो अजून आहे. त्याची सून म्हणते, रोज सकाळी त्याच्या खाटेभोवतीचं मीठ झाडावं लागतं. त्यात लहान पावलं असतात, आत गेलेली.

परतीची नसतात.