चिवड्याचा डबा आणि चंद्रावरची आंघोळ

ऐक ना, मधेमधे बोलू नकोस, आधी नुसतं ऐक! शाल्मली चंद्रावर जायच्या आधी कुठे राहायची, माहितीये? गाडीत! म्हणजे चाकांवरच्या घरात. माणदेशातल्या उघड्या माळावर एक पांढरं घर, आणि त्यात तिघं: शाल्मली, तिच्या आईचे बाबा म्हणजे अण्णा, आणि टमरेल. टमरेल म्हणजे यंत्रमानव. हसू नकोस! पूर्वी लोक सकाळी जे डबडं घेऊन माळावर जायचे ना, त्याचंच नाव अण्णांनी त्याला दिलं होतं. कारण त्याचं कामच ते, घरातलं सांडपाणी सांभाळायचं.

त्या घराला नळ नव्हता, गटारही नव्हतं. आत एकदा भरलेलं पाणीच वर्षभर फिरवून फिरवून वापरायचं. बाहेरून एक तांब्या आणायचा नाही, बाहेर एक थेंब सांडायचा नाही. जमलं, तर तस्संच घर चंद्रावर जाणार आणि तिथल्या वस्तीत काम करणाऱ्या आईजवळ शाल्मली राहणार. नाही जमलं, तर आई वर आणि ही खाली. किती वर्षं, कुणास ठाऊक.

"पण अण्णा," शाल्मलीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "घाण झालेलं पाणी परत चांगलं कसं होणार?"

"अगं, पाणी कुठे घाण होतं? घाण त्यात येऊन बसते. तिला खाणारा कुणी भेटला की पाणी मोकळं!"

मग त्यांनी दाखवलं. संडासाचं पाणी घट्ट बंद टाकीत जायचं. तिथले जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव) हवेशिवाय जगतात, मैला खातात आणि ढेकर देतात. तो ढेकर म्हणजे गॅस. त्याच गॅसवर अण्णांचा चहा! शाल्मलीनं दोन दिवस चहाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी आल्याचा वास आला आणि प्यायलीच. टाकीत उरलेल्या पाण्याची टमरेल वाफ करायचा आणि ती थंड करून पुन्हा पाणी गोळा करायचा.

मोरीचं पाणी मात्र वेगळं. ते खिडकीखालच्या काचेच्या लांब पेटीत जायचं. वर वाळू, खाली कोळसा आणि त्यात लालभडक कर्दळी. अण्णांच्या गावी प्रत्येक न्हाणीमागे कर्दळ असायची, तीच युक्ती. या पेटीतल्या जिवाणूंना मात्र हवा लागते. ते वाळूच्या कणांना चिकटून बसतात, मधल्या फटींतून श्वास घेतात आणि साबणाचा फेस, अन्नाचे कण, सगळं फस्त करतात. पाणी झिरपत खाली येतं, स्वच्छ. सगळं ठीक असलं की टमरेलच्या पोटावर हिरवा दिवा.

सगळं ठीक चाललं होतं रे! आणि मग आली दिवाळी.

आईविना पहिली दिवाळी. शाल्मली सारखी कानाची पाळी चाचपत होती. आई डोक्यावर तेल थापायची, कानाच्या पाळीला सुद्धा चोळायची, ते तिला आठवत होतं. अण्णांना कळलं. भल्या पहाटे उठून त्यांनी तिळाचं तेल कोमट केलं, उटणं भिजवलं.

"तेल माझ्या यादीत नाही," टमरेल म्हणाला.

"मग घाल यादीत! तुला काय कळायची दिवाळी, डबड्या?"

काय आंघोळ झाली! पायाखाली कारीट फोडलं, आईच्या नावाचा एक तांब्या जास्त ओतला. नंतर चकल्या झाल्या, चिवडा झाला, तेलकट कढया त्याच मोरीत घासल्या. घराला आईसारखा वास यायला लागला.

आणि भाऊबीजेला घर दुसऱ्याच वासानं भरलं. सडक्या अंड्यांचा वास! पेटीत वाळूवर पाणी तुंबलेलं, वर तेलाचा चकचकीत तवंग, कर्दळीची पानं लोंबलेली. टमरेलच्या पोटावर लाल दिवा.

"तेलानं वाळूच्या फटी बुजल्या," अण्णांनी वाळूत बोट खुपसून बघितलं. "हवा जाईना, बिचारे जीव गुदमरले. सगळं शिकून मी एवढं विसरलो?"

"मी आठवण करून दिली होती," टमरेल म्हणाला.

"तू गप रे!"

पेटीतून स्वच्छ पाणी येईना, पिण्याच्या टाकीतलं पाणी तळाला जात होतं. एकच सोपी वाट होती. पेटीच्या तळाची तोटी उघडायची, घाण पाणी माळावर सोडायचं आणि टँकर बोलवायचा. म्हणजे प्रयोग खलास. अण्णांचा हात तोटीकडे गेलासुद्धा!

"थांबा!" शाल्मली ओरडली. "अण्णा, डॉक्टरांनी तुम्हाला तेल बंद केलंय, तर तुम्ही मिसळीचा रस्सा कसा वाढून घेता?"

"कसा म्हणजे? पळी खालपर्यंत घालतो, तळातला रस्सा घेतो. तर्री राहते वर."

"मग पाणीपण तळातलंच घेऊया ना!"

अण्णांनी तोटीकडे गेलेला हात मागे घेतला. मग दोघांनी चिवड्याचा मोठा डबा रिकामा केला. (चिवडा कुठे गेला? पोटात!) एका बाजूनं पेटीत तुंबलेलं तेलकट पाणी आणि पुढचं मोरीचं पाणीही डब्यात सोडलं, दुसऱ्या बाजूची नळी डब्याच्या तळापाशी लावली. तेल पाण्याहून हलकं, म्हणून ते सावकाश वर जमतं आणि डब्यात अडकतं. पेटीत जातं ते फक्त खालचं पाणी. टमरेलनं वरची तेलकट वाळू खरवडून बंद टाकीत टाकली, पेटीत पंप लावून हवा फुंकली. तिघांनी पाणी काटकसरीनं वापरलं. आंघोळी ओल्या फडक्यानं, ताटं आधी कागदानं पुसून मग धुवायची. टमरेल तर बिनआंघोळीचाच, त्याला काय!

हळूहळू वास गेला. एका सकाळी शाल्मली उठली, तर कर्दळीला नवी सुरळी फुटलेली आणि टमरेलचं पोट हिरवं.

त्या संध्याकाळी डब्यातलं तेल तिनं पणतीत घातलं. पाणी मिसळलेलं ना, म्हणून चरचरत, तडतडत जळत होतं, पण उटण्याचा वास येत होता. तेवढ्यात पडद्यावर आई आली. सगळं ऐकून आधी खो खो हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "शालू, इथं मोठा डबा लागेल हं. चंद्राची ओढ कमी, त्यामुळे इथं तेल फार सावकाश वर येतं."

"पुढच्या वर्षी तेलच नको," अण्णा पुटपुटले.

"तेल हवंच!" शाल्मली म्हणाली. "डबा मोठा करू."

वर्ष पार पडलं, आणि आता ती वर असते. ते माळावरचं घर मी एकदा आत जाऊन बघितलं. रिकामं आहे, पण अण्णा पाणी घालायला येतात म्हणून खिडकीखाली कर्दळी आहेत, आणि त्या चिवड्याच्या डब्याला अजून, शप्पथ, उटण्याचा वास येतो. दिवाळीच्या पहाटे मी चंद्र शोधतो. वाटतं, तिथं आत्ता आई तिच्या कानाच्या पाळीला तेल चोळत असेल.

आता बोल. तू असतास तर काय केलं असतंस? तेल सोडलं असतंस, की डबा केला असतास?