दामूकाकांचे चार किलो

मामाकडे अंजूरला जायची उन्नतीची पिशवी चार दिवस भरून दाराशीच पडली होती. तिचे बाबा, केसरीनाथ, वडपे गावातल्या एका कापड-गोदामात मालाच्या लिफ्टवर ड्युटीला, आणि त्या लिफ्टमधूनच म्हणे कापड चोरीला जात होतं! तिसऱ्या मजल्यावर पन्नास किलो भरलेली गाठ खाली येईपर्यंत साडेसत्तेचाळीस भरायची. शिवण मात्र जशीच्या तशी. गाठीसोबत असायचे बाबा आणि मुकादम दामूकाका. मुकादमावर कोण संशय घेणार? संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर केसरीनाथची नोकरी गेली, असं मालक भाऊंनी सांगितलं होतं. बाकीच्यांनी तर त्याआधीच बाबांशी बोलणं टाकलं होतं. चहावालासुद्धा त्यांना वगळून पुढे जाई.

मैत्रिणी सगळ्या गावी गेलेल्या. उरली होती शेजारच्या लूमवाल्यांची अफीफा, आणि तीही उद्या निघणार. बाबांना डबा द्यायच्या निमित्तानं दोघी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरल्या.

आत चक्क वजनकाटा! दामूकाकांची घाई अशी, की जेवायच्या आधीच आचवून मोकळे होत. वेळ वाचवायला त्यांनी काटा लिफ्टमध्येच आणला होता. लिफ्ट खाली सुटली की लगेच बटण दाबून आकडा धरून ठेवायचे.

"लिफ्ट खाली सुटताना पोटात हलकं होतं, बघितलंस?" अफीफा कुजबुजली.

उन्नतीनं साळसूदपणे विचारलं, "काका, तुमचं वजन किती हो?"

"ऐंशी! पैलवानाचं अंग हाय." ते ऐटीत काट्यावर चढले. ऐंशीच भरले. लिफ्ट खाली सुटली आणि उन्नतीनं बटण दाबलं. शहात्तर.

"चार किलो गेले की! बाबांनी कुठं लपवले?"

दामूकाका पोट चाचपू लागले.

मग भाऊ स्वतः तीनदा काट्यावर चढले, तीनदा हलके झाले.

"लिफ्ट खाली वेग घेते तेव्हा काट्यावरचा भार कमी होतो," अफीफानं सांगितलं. "दोरच तुटला तर काटा शून्य दाखवेल. अंतराळवीरांचं तेच. पृथ्वी त्यांना ओढतेच, पण ते यानासकट सारखे पडत असतात. फक्त आडवे इतक्या वेगानं जातात, की गोल पृथ्वीची जमीन खाली वाकत राहते आणि ते पोचतच नाहीत."

भाऊंनी दोघींची पाठ थोपटली, केसरीनाथचे हात धरून माफी मागितली. काटा बाहेर आला. चहा दामूकाकांनी स्वतः आणला. पण चार दिवसांचं गप्प राहणं एका पेल्यात विरघळत नाही. बाबा पायरीवर एकटेच बसून राहिले.

"तो अंतराळवीर वरती पडत असतो, तो एकलाच असतो का गो?" त्यांनी उन्नतीला विचारलं.

उन्नती त्यांना खेटून बसली.

"न्हाय बाबा. सोबत पडणारं कोणीतरी असतं."