मागे घेतलेली कादंबरी

"ताई, मी माझी कादंबरी मागे घेतलीय, असं ते म्हणतायत. मी नाही घेतली."

वाचनालय नुकतंच उघडलं होतं. ग्रंथपाल सुनीती गुप्ते यांनी हातातला चहा बाजूला ठेवला आणि फोनवरच्या मुलीला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

रुचिका तरे अंजूरची सून. लग्न होऊन आल्यापासून ती रिक्षानं भिवंडीत यायची आणि वाचनालयातून पिशवीभर पुस्तकं न्यायची. ती लिहितेही, हे सुनीतीबाईंना बऱ्याच उशिरा कळलं. पुण्यातल्या एका प्रकाशनसंस्थेनं नवोदित कादंबरीकारांसाठी स्पर्धा जाहीर केली, तेव्हा त्यांनीच तिच्या मागे लागून तिला भाग घ्यायला लावला होता. पहिली येणारी कादंबरी संस्था छापणार होती.

गेल्या आठवड्यात संस्थेनं कळवलं, की रुचिकाची कादंबरी शेवटच्या पाचांत आहे. अंजूरला पेढे वाटले गेले. आज सकाळी पाच नावं जाहीर झाली. त्यांत रुचिका नव्हती. तिनं फोन केला, तर उत्तर मिळालं, शनिवारी दुपारी तुम्ही स्वतःच माघार घेतलीत.

सुनीतीबाईंनी संस्थेला फोन लावला. स्पर्धेचं काम पाहणारा आल्हाद नावाचा तरुण बोलायला आला.

"तुम्ही कुठल्या नंबरवर बोललात?"

"त्यांच्याच. अर्जात दिलेल्या."

"फोन तिनं केला, की तुम्ही?"

"मीच केला. फोटो आणि परिचय हवा होता. मी विचारलं, रुचिका तरे का? त्या म्हणाल्या, हां, बोल."

"बोल म्हणाली?"

"मलाही विचित्र वाटलं. पण कादंबरीतली माणसं तसंच बोलतात, असं परीक्षक म्हणाले होते. म्हटलं, लेखिकाही तशीच बोलत असेल. मग म्हणाल्या, ती गोष्ट छापायची न्हाय, काढून टाक. मी मेल करा म्हटलं, तर ते त्यांना जमत नव्हतं. कारण विचारलं."

"काय म्हणाली? तिच्याच शब्दांत सांगा."

"'ती आय मालकाच्या दारात येऊन बसते, ते लोकांनी वाचायचं न्हाय. आन् कडी कोनी लावली, ते तर न्हायच न्हाय.' एवढं बोलून फोन बंद केला."

आल्हादनं स्वतः ती कादंबरी वाचलेली नव्हती. आता काही करता येईल का, या प्रश्नावर तो खूप ओशाळला. सहाव्या क्रमांकाची कादंबरी आत घेतली होती. अंतिम फेरीच्या परीक्षकांनी पाचही वाचायला घेतल्या होत्या. नावं सगळीकडे गेली होती. तो माफी मागत राहिला, आणि तेवढंच त्याच्या हातात होतं.

सुनीतीबाईंनी फोन ठेवला. कादंबरी त्यांनी वाचली होती. गोदामाला आग लागते, आत अडकलेला रखवालदार मरतो आणि त्याची आई मागे उरते, अशी ती गोष्ट. तिला आधार होता एका खऱ्या आगीचा. रुचिकाच्या लग्नाआधी तिच्या सासरच्यांचं वळ गावातलं गोदाम जळालं होतं आणि चिंधू नावाचा रखवालदार त्यात गेला होता. शॉर्टसर्किट झालं, असं सगळे सांगत. रुचिकाला त्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं, बाकीचं तिनं मनानं रचलं होतं. तिच्या कादंबरीत दार तापून चौकटीत घट्ट बसतं आणि उघडत नाही.

कडीचा त्यात उल्लेखच नव्हता.

वाचनालय मदतनिसावर सोपवून त्यांनी अंजूरची रिक्षा पकडली. रस्ताभर पुढे कंटेनर, मागे कंटेनर. घर गाठेपर्यंत दुपार झाली.

रुचिका ओटीवरच उभी होती. रडून झालेलं होतं, आता राग होता. तिनं हलक्या आवाजात सांगितलं, की हे काम मोठ्या जावेचं, विनिताचं आहे. शनिवारी शेजारी हळद होती. रुचिका फोन चार्जिंगला लावून तिकडे गेली होती. विनिता मध्येच दागिना घ्यायला घरी येऊन गेली. फोनला लॉक नव्हतं, कारण सासूबाई त्यावरच त्यांच्या बहिणीशी बोलायच्या.

"घरात आणखी कोण होतं?"

"प्रितेशभाऊजी जेवायला आले होते. आणि आई, गुडघ्यामुळे त्या हळदीला आल्या नाहीत. कुणाल ड्युटीवर होता."

कुणाल म्हणजे तिचा नवरा. प्रितेश मोठा दीर, गोदामांचा सगळा कारभार त्याच्याकडे.

विनितानं सुनीतीबाईंना तोंडावरच सांगितलं, की रुचिका लिहिते ते तिला आवडत नाही. उद्या घरातली भांडणं चव्हाट्यावर येतील. पण फोन तिनं घेतला नव्हता. ती भिवंडीत वाढलेली, बी.कॉम. झालेली बाई. बोलताना तिच्या तोंडी एकदाही 'न्हाय' आलं नाही. अर्थात मुद्दाम कुणालाही तसं बोलता येतं, हे सुनीतीबाईंनी लक्षात ठेवलं.

प्रितेश सौम्य होता. त्यानं स्वतः खुर्ची आणून दिली.

"कादंबरी तुम्ही वाचलीत?"

"प्रिंट माझ्याच ऑफिसात काढली ना मॅडम. दोन पानं वाचली, झोप आली."

"शनिवारी दुपारी?"

"जेवलो आणि आडवा झालो. काही ऐकलं नाही."

चहाचा कप देताना त्याचा उजवा तळहात दिसला. कातडी आवळून चकाकत होती. सुनीतीबाईंनी विचारलं, तर म्हणाला, बाईकच्या सायलेन्सरवर भाजलं होतं, जुनी गोष्ट.

त्यांनी रुचिकाला अंगणात नेलं.

"मालकाच्या दारात येऊन बसणारी आई. हे तुझ्या कादंबरीत कुठंय? मी वाचलं त्यात ती गाव सोडून जाते."

रुचिका चमकली. "ते आधी होतं. फार नाटकी वाटलं म्हणून मी काढून टाकलं. तुम्हाला कसं कळलं?"

"कुणी वाचलं होतं ते?"

"कुणीच नाही. फोनवर लिहिलं, फोनवरच पुसलं. कुणालनंही नंतरचंच वाचलंय."

"कुणाला वाचून दाखवलंस?"

"दाखवलं नाही. मी मोठ्यानं वाचते, वाक्य कानाला कसं लागतं ते बघायला. स्वयंपाकघरात. तिथं कुणी नसतं. आई काय त्या, सुकट निवडत."

सुनीतीबाईंनी सगळ्यांना पडवीत बोलावलं. रुचिकाच्या सासूबाई, जानकीबाई, सुकटीचं सूप घेऊनच येऊन बसल्या. प्रितेश खांबाला टेकून उभा राहिला.

"आपण सगळे एकच विचार करत होतो," सुनीतीबाई म्हणाल्या. "कुणीतरी ठरवून, नंबर शोधून पुण्याला फोन केला. तसं झालं नाही. फोन पुण्याहून आला. वाजत होता, म्हणून कुणीतरी उचलला. त्या माणसाला नंबर लावता आला नसता तरी चाललं असतं. लिहिता-वाचता आलं नसतं तरीही. मेल करा म्हटल्यावर म्हणूनच अडलं."

सुपातले हात थांबले.

"त्या बाईनं आल्हादला गोष्टीचा शेवट सांगितला. पण पुण्याला पाठवलेला नव्हे, आधीचा, पुसून टाकलेला. तो कुणीही वाचलेला नाही. प्रितेशरावांच्या प्रिंटमध्ये तो नव्हता. विनितानं वाचायचा प्रश्नच नाही. तो फक्त ऐकला गेलाय, एकदाच, स्वयंपाकघरात." त्यांनी आवाज खाली आणला. "आजी, फोन तुम्हीच घेतलात ना?"

जानकीबाईंनी मान वर केली नाही. "हां. मीच घेतला."

रुचिका सासूकडे बघतच राहिली. याच बाईनं शेजारीपाजारी पेढे नेऊन दिले होते.

"आई, का?"

"ते मी सांगते," सुनीतीबाई म्हणाल्या, आणि हे बोलणं त्यांना जड जात असल्याचं दिसत होतं. "कडी कोणी लावली ते लोकांनी वाचायचं नाही, असं त्या म्हणाल्या. रुचिकाच्या गोष्टीत कडी नाहीच. आधीही नव्हती, नंतरही नव्हती. मग ती आली कुठून? खऱ्या गोदामातून. ते दार बाहेरून बंद होतं. आणि प्रितेशराव, सायलेन्सरनं पोटरी भाजते. तळहात भाजतो तो तापलेलं लोखंड मुठीत धरल्यावर. आगीत ती कडी तुम्हीच काढलीत. लावली कोणी, हे तुम्हाला माहीत असणार."

प्रितेशनं आईकडे पाहिलं. आईनं बोलायला सुरुवात केली होती.

"माल चोरीला जात व्हता. याला वाटलं, चिंधूच बाहेर देतो. रविवारी जेवायला आला, तवा बाहेरून कडी घालून आला. घास तोंडात असतानाच फोन आला, आग लागली. तसाच धावला. कडी यानंच काढली, पन चिंधू दाराशीच पडला व्हता. लोक यायच्या आत दार उघडं झालं, म्हनून कोनी विचारलं न्हाय."

"आणि त्याची आई?"

"कमळा आली. हितं, या ओटीवर बसली. रडली न्हाय, शिव्या दिल्या न्हाय. पानी दिलं, ते घेतलं न्हाय. सांजेला उठून गेली." जानकीबाई रुचिकाकडे वळल्या. "तू ते वाचलंस, तवा मना वाटलं, तुला कोनी सांगलं. आता आख्खं गाव वाचंल. माझा पोऱ्या हाय तो, बाय. मी काय करू?"

"मला कुणी काही सांगितलं नव्हतं," रुचिका म्हणाली. "मी ते मनानंच लिहिलं होतं."

विनिता उठून आत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मारायचं नव्हतं मला त्याला, एवढंच प्रितेश म्हणाला, आणि बाईक काढून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सुनीतीबाई रुचिकाला घेऊन पोलिसांकडे गेल्या. अधिकाऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, चहा मागवला. मग त्यानं समजावलं. पंचनाम्यात दार उघडं असल्याची नोंद आहे. ते गोदाम पाडून तिथं नवं उभं राहिलंय, ते दार भंगारात गेलं. आजी जबाब देतील का? रुचिकानं खाली पाहिलं. जानकीबाईंनी सकाळीच सांगून टाकलं होतं, की घरात बोलले ते बोलले, चौकीत मी बोलायची न्हाय. अर्ज देऊन ठेवा, अधिकारी म्हणाला. त्यांनी दिला. त्याचं काय होणार, हे तिघांनाही कळत होतं.

कुणाल त्या दिवसापासून बायकोशी धड बोलत नव्हता. रागावला होता असंही नाही. जेवायला बसायचा, भाऊ आला की ताट घेऊन आत जायचा, आणि आत आला की रुचिकाकडे न बघता जेवायचा. तिनं माहेरी जायचं म्हटलं, तर तो जा म्हणाला नाही आणि थांबही म्हणाला नाही.

पुण्यात बक्षीस समारंभ होता, त्या दिवशी रुचिकाचा सुनीतीबाईंना फोन आला. तिला कमळाला भेटायचं होतं. पोलिसांत कळवलं, मग तिला का नाही?

कमळा खाडीपलीकडच्या पाड्यावर भावाकडे राहत होती. बारीक, वाळलेली बाई. तरेंची सून म्हटल्यावर तिनं रुचिकाला बसायला गोणपाट टाकलं. सुनीतीबाई दाराशी थांबल्या. रुचिकानं न अडखळता सांगितलं. दार अडकलं नव्हतं. कडी बाहेरून लावलेली होती. कोणी लावली, का लावली, सगळं. माझ्या हातात आता काही नाही, हेही सांगितलं.

कमळानं मध्ये एकदाही तोडलं नाही. प्रितेशचं नाव ऐकून तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. शिक्षा होईल का, असं तिनं विचारलं नाही. कोंबड्या आत येत होत्या, त्यांना तिनं हातानं बाहेर घातलं. मग ती पुन्हा समोर येऊन बसली.

"बाय, मग तो हाका मारत असंल का गं?"

त्या प्रसंगावर रुचिकानं पानंच्या पानं लिहिली होती. तिच्या कादंबरीत धुरानं रखवालदाराला आधीच गुंगी येते आणि त्याला काही कळत नाही. तेवढं सांगायला ती तोंड उघडणार होती. पण तो दाराशीच पडला होता.

कमळा तिच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिली.