भर दुपारी जिवंत झालेलं कासव

शस्त्रक्रियेच्या खोलीच्या काचेतून दिसणाऱ्या बाहेरच्या मोठ्या पडद्यावर मोत्याने अक्षरं उमटवली, ‘रुग्ण मृत.’

आणि नेमक्या त्याच वेळी केतकीच्या कानात रुग्णाचं हृदय वाजलं. फुस्स... मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा, फुस्स.

केतकीने कानावरचे हेडफोन घट्ट दाबले. तिच्या हातात डॉप्लर होता (ध्वनिलहरी आत पाठवून वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं पेनाएवढं यंत्र), आणि तो तिने कासवाच्या मानेपाशी धरला होता. डॉक्टरबाईंनी तिला तेवढंच काम दिलं होतं, “हलायचं नाही आणि आवाज थांबला तर ओरडायचं.” आवाज तर थांबला नव्हता.

“डॉक्टरबाई, हा मोत्या काहीतरीच सांगतोय! हिचं हृदय चालू आहे.”

“चालूच असणार,” टाके घालता घालता मान वर न करता डॉ. यशोदा गुरव म्हणाल्या. “मोत्या, काय लिहिलंस रे बाहेर?”

मोत्या हा चार हातांचा यंत्रमानव. वेळशी बंदराच्या कासव रुग्णालयात तो महिन्यापूर्वीच आला होता. त्याआधी तो पुण्याच्या एका पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात होता, म्हणून तर बंदरावरच्या मुलांनी त्याचं नाव मोत्या ठेवलं. सवयीही तिकडच्याच. पहिल्या दिवशी त्याने एका कासवाला शेकहँड करायला शिकवायचा प्रयत्न केला होता.

“क्षमस्व,” मोत्या अदबीने म्हणाला. “शस्त्रक्रिया यशस्वी झाली. परंतु भुलेचा वायू बंद करून बराच वेळ लोटला तरी रुग्णाने स्वतःहून श्वास घेतलेला नाही. नळीतून मी शुद्ध ऑक्सिजन देत आहे, तरीही नाही. शरीराचं तापमान सत्तावीस अंश. हृदयाचे ठोके मिनिटाला मोजके. नियमानुसार असा रुग्ण मृत असतो. नातेवाइकांना ताबडतोब कळवणं बंधनकारक आहे.”

“नातेवाईक!” डॉक्टरबाई हसल्या. पण केतकीला हसू आलं नाही. बाहेर नातेवाईक नव्हते, तिचे बाबा होते. आणि त्यांच्याबरोबर बंदरातले बाकीचे नाखवे.

गोष्ट अशी होती. सकाळी बाबांच्या, म्हणजे हरेश्वर नाखव्यांच्या, जाळ्यात ही ऑलिव्ह रिडले जातीची मादी आली. कुठल्याशा जुन्या, समुद्रात टाकून दिलेल्या दोरीने तिचं पुढचं उजवं वल्हं (पोहण्यासाठी पसरट झालेला पाय) हाडापर्यंत कापलं होतं. आता बाबांच्या नव्याकोऱ्या जाळ्यातही ती गुरफटली. बाबांनी कोयता घेतला आणि जाळं मधोमध फाडलं. बंदरावर आल्यावर त्यांची जी थट्टा झाली! “हरेश्वरा, उद्या सुरमईला पण दार उघडून दे हो!” जनू नाखवा सगळ्यांत मोठ्याने हसले होते. मग डोकं खाजवत तेच म्हणाले होते, “बघू तरी. ही जगली तर आम्हीपण जाळी कापू. मेली, तर जाळंही गेलं नि कासवही गेलं. मग परत कोनी नाव काढायचं नाय.”

आणि ते बघायला सगळे आले होते. पडद्यासमोरच बसले होते.

“डॉक्टरबाई, ते निघून जातील,” केतकी म्हणाली. “पण हृदय चालू आहे तर ही श्वास का घेत नाही? एवढा ऑक्सिजन मिळतोय तरी?”

डॉक्टरबाईंनी शेवटच्या टाक्याची गाठ मारली. सडलेलं वल्हं पूर्ण काढून टाकावं लागलं होतं, पण जखम आता स्वच्छ होती. “हाच खरा प्रश्न. मोत्या, आधी शुद्ध ऑक्सिजन बंद. साधी हवा दे. आणि घाई नको, सावकाश, मध्ये मोठा अवकाश ठेवून.”

“ऑक्सिजन कमी करायचा? श्वास न घेणाऱ्या रुग्णाला?” मोत्याचे चारही हात हवेत थांबले.

“गळ्यापर्यंत जेवलेल्या माणसाला तू भूक लागली का म्हणून विचारतोयस, बाबा. हिच्या रक्तात तू इतका ऑक्सिजन भरलास की हिला श्वास घ्यावासा वाटतच नाहीये.” मग त्या केतकीकडे वळल्या. “हे झालं अर्धं कारण. उरलेलं हिच्या हृदयात आहे. आपल्या हृदयात कप्पे किती?”

“चार. वर दोन, खाली दोन.”

“हिच्या हृदयात वर दोन, खाली एकच. तो खालचा निलय (रक्त जोराने बाहेर ढकलणारा कप्पा) आतून अर्धवटच विभागलेला असतो. आपल्यात फुप्फुसाकडे जाणारं रक्त आणि शरीराकडे जाणारं रक्त यांच्यामध्ये पक्की भिंत असते, त्यामुळे प्रत्येक फेरीत रक्ताला फुप्फुसातून जावंच लागतं. हिला तशी सक्ती नाही. आता सांग, कासव बुडी मारतं तेव्हा फुप्फुसात नवी हवा येते का?”

“कुठून येणार? पाण्याखाली असतं ना ते.”

“मग तिथे सगळं रक्त पाठवून उपयोग काय? म्हणून बुडी मारली की फुप्फुसाकडच्या नळ्या आवळल्या जातात आणि बरंचसं रक्त फुप्फुस टाळून पुन्हा शरीरातच फिरतं. समुद्रात ही फार हुशारीची युक्ती आहे. पण इथे टेबलावर? आपण हिला भूल वायूने दिली. तो वायू रक्तात मिसळला. त्याला बाहेर पडायला वाट एकच...”

“फुप्फुस!” केतकी म्हणाली, आणि एकदम थांबली. तिच्या डोळ्यांसमोर काहीतरी वेगळंच आलं होतं. “म्हणजे आपल्या एसटीसारखं झालं! महामार्गाचा बायपास झाल्यापासून एसटी बाजारात येतच नाही. परस्पर निघून जाते. बाजारात उतरायचंय ते लोक आतच बसून राहतात. हिच्या रक्तातला वायू पण तसाच. गाडी स्टँडवर येत नाही, म्हणून तो उतरत नाही. आणि तो उतरत नाही म्हणून ही झोपलेली. आणि झोपलेली म्हणून श्वास नाही!”

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मास्कच्या वर त्यांचे डोळे बारीक झाले, म्हणजे त्या हसत होत्या. “तीस वर्षं मी हे शिकवतेय, पण एसटी कधी सुचली नाही मला. शरीर झोपलंय आणि त्याला वाटतंय आपण बुडी मारलीय. आता काय करायचं?”

“बायपास बंद करायचा.”

“बरोब्बर. मोत्या, अ‍ॅड्रेनलिन दे (घाबरल्यावर शरीरात आपोआप सुटणारं, हृदयाला जोर देणारं रसायन). अगदी थोडं. त्याने हृदय जोर धरेल, रक्ताचा दाब वाढेल आणि गाडी पुन्हा स्टँडवर यायला लागेल. केतकी, डॉप्लर मोत्याच्या तिसऱ्या हातात दे आणि तू बाहेर जा.”

“मी?”

“टाके झाले तरी मला इथून हलता येणार नाही. बाहेर कोणीतरी सांगायला हवं. तुला समजलंय ना? मग जा.”

*

बाहेर खुर्च्या सरकत होत्या. जनू नाखवा उठून टोपी घालत होते. बाबा मात्र पडद्याकडे बघत तसेच बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

“थांबा!” ती ओरडली. “मेलेली नाहीये ती!”

“अगो, तो डबा सांगतोय ना मेली म्हणून,” जनू नाखवा म्हणाले. “श्वास नाय घेत म्हणे.”

“काका, तुम्ही दर्यात बुडी मारता तेव्हा श्वास घेता का?”

“बुडीत कसा घेणार? पागल हायस का?”

“मग तेव्हा तुम्ही मेलेले असता?”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. केतकीचं तोंड आता सुटलं होतं. तिने एसटी सांगितली, बायपास सांगितला, स्टँडवर न उतरलेले उतारू सांगितले. सांगता सांगता तिला जाणवलं की माणसं परत बसताहेत. बायपासवर राग नसलेला माणूस वेळशीत नव्हताच.

“म्हंजे त्या भुलेचा वायू आमच्या सासूबाईसारखा,” एकजण म्हणाला. “गाडी पुढे गेली नि त्या थेट चिपळूणला.”

“हो, आणि डॉक्टरबाई आता गाडी बाजारात वळवताहेत. मोत्या!” तिने दाराकडे तोंड करून हाक मारली. “हृदयाचा आवाज बाहेर लाव ना!”

पडद्याखालच्या कर्ण्यातून खरखर आली. मग, फुस्स. फुस्स. पूर्वीपेक्षा ठोके जवळ आले होते, हे केतकीला लगेच कळलं. बाबांनी मान वर केली.

“ही डाक्टरबाई पूर्वी आमच्या म्हशी बघायची,” एक म्हातारे नाखवे हळूच म्हणाले. “तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात होती. पयलं कासव नेलं ना तिच्याकडे, तेव्हा कासवाला किती औषध द्यायचं ते सांगनारा मानूस नव्हता. सगळे म्हणाले मेलं, टाका. ही हाताने हवेचा फुगा दाबत बसली. आम्ही जेवून आलो, झोपून उठलो, ही तिथेच. आनि कासव उठलं. आता गुजरातेतून नि ओरिसातून डाक्टर हिला विचारायला फोन करतात. आमच्या बंदरावरच्या बाईला.” ते शेवटचं वाक्य त्यांनी असं म्हटलं, जणू तो फुगा त्यांनीच दाबला होता.

फुस्स. फुस्स. जनू नाखव्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग कर्ण्यातून एक निराळाच आवाज आला. खोल, ओला, लांब सुस्कारा. पाण्यावर आलेल्या कासवाचा असतो तसा. दर्यात आयुष्य काढलेल्या त्या माणसांना तो कसला ते कोणी सांगावं लागलं नाही.

“घेतला!” बाबा उभे राहिले. “श्वास घेतला तिने!”

पडद्यावरची अक्षरं पुसली गेली. नवी उमटली: ‘रुग्ण जिवंत. पूर्वीच्या सूचनेबद्दल दिलगीर. नोंद घेतली आहे: कासव म्हणजे कुत्रा नव्हे.’

सगळे इतक्या मोठ्याने हसले की डॉक्टरबाईंना दार उघडून “हा दवाखाना आहे!” असं ओरडावं लागलं. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा मास्क आता उतरला होता आणि त्याखाली हसू होतं. त्या सरळ बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“हरेश्वरदादा, मी टाके घातले, ते माझं कामच. जाळं तुम्ही कापलंत. ती पाण्याखाली अजून थोडा वेळ अडकून राहिली असती, तर माझ्यापाशी काही औषध नव्हतं. कासव बराच वेळ श्वास रोखतं, पण जाळ्यात धडपडताना त्याचा ऑक्सिजन भराभर संपतो.”

बाबांनी केतकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. केतकीला आपली उंची वाढल्यासारखी वाटली.

“तीन वल्ह्यांवर जमेल तिला?” अखेर त्यांनी विचारलं.

“जमेल. आधी टाकीत शिकेल. तीन वल्ह्यांनी पोहणारी मी सोडलेली कासवं आहेत समुद्रात. त्यातली एक तर अंडी घालायला परत आली.”

जनू नाखवा निघून गेले. जाळी कापण्याबद्दल हो म्हणाले नाहीत, की नाही म्हणाले नाहीत. केतकी दारापर्यंत त्यांच्यामागे गेली आणि परत फिरली.

*

तीन वल्ह्यांची ती मादी टाकीत आधी गोल गोल फिरायची. मग तिने मागचे पाय सुकाणूसारखे वळवायला सुरुवात केली आणि एका सकाळी ती सरळ रेषेत पोहली. केतकी सुट्टीचा प्रत्येक दिवस रुग्णालयातच होती. मोत्याला ती रोज एक गोष्ट शिकवायची आणि मोत्या तिला दोन.

अशाच एका सकाळी रुग्णालयातला फोन वाजला. डॉक्टरबाईंचे हात मलमाने भरले होते. “केतकी, तू घे.”

पलीकडून इंजिनाची घरघर, वारा आणि त्यावरून ओरडणारा आवाज. “हॅलो! जनू नाखवा बोलतोय, बोटीवरनं! कासव लागलंय. मोठं हाय. मी जाळं...” आवाज जरा अडखळला. “मी जाळं कापलंय. आता हिला बोटीत कशी ठेवू? उताणी ठेवली म्हंजे पळनार नाय ना?”

“नको काका, उताणी नको!” केतकी ओरडली. “कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला चिकटलेली असतात. उताणी ठेवली की पोटातलं सगळं ओझं त्यांच्यावर येतं. सुलटी ठेवा. सावलीत. अंगावर ओलं फडकं टाका, पण नाकावर नको.”

“बरं. नि श्वास नाय घेतला तर?”

केतकीने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी आपला मलमाचा हात नुसता हलवला. तूच सांग.

“तरी मेली असं समजू नका,” केतकी म्हणाली. “तशीच घेऊन या. आम्ही टाकी भरून ठेवतो.”

फोन ठेवून ती नळाकडे धावली आणि मोत्या चारही हातांत बादल्या घेऊन तिच्यामागोमाग निघाला.