रंग अजून ओला आहे

सकाळचे ऊन पनवेलच्या लाइन आळीत घाईने उतरत नाही. साडेआठच्या सुमारास ते समोरच्या इमारतीवरील पाण्याच्या टाकीला नुसते टेकते. मग गच्चीत वाळत घातलेल्या चादरींमधून झिरपत एकेक खिडकी खाली येते. रस्त्यावर पोहोचेपर्यंत त्यातले सोने बरेचसे सांडून गेलेले असते आणि उरते ते साधे, रोजचे, पिवळसर ऊन — दुधाच्या क्रेटवर, रिक्षाच्या आरशावर, माझ्या दुकानासमोर फुले विकणाऱ्या गोदूबाईच्या ओल्या टोपलीवर. दोन इमारतींच्या फटीतून त्याचा एक अरुंद पट्टा माझ्याकडे वळतो. उंबरठा ओलांडतो, फरशीवर क्षणभर थबकतो, टेबलाच्या पायावरून चढतो आणि कापलेल्या अक्षरांच्या ढिगात शिरतो. अक्षरे कापायच्या सनबोर्डाचा पांढरा भुगादेखील तेव्हा चमकू लागतो. पंचवीस मिनिटे... मग तो निघून जातो. चार वर्षे मी त्या पट्ट्याकडे पाहत आलो होतो. त्याला नावाने हाक मारावी, असे मात्र कधी सुचले नव्हते.

माझे नाव धनेश. मी अक्षरे कापून रंगवतो — दुकानांच्या पाट्या, दारावरची नावे, बारशाची नावे. माणसांशी बोलण्यापेक्षा ते मला सोपे जाते.

त्या सोमवारी पट्टा टेबलापर्यंत पोहोचण्याआधीच त्यात कुणीतरी उभे राहिले.

"शेजारचं फ्लेक्सचं दुकान कधी उघडतं हो?"

"अकराला."

"ते प्रितेशदादांचंच ना? जे रोज वडाळे तलावाला फेऱ्या मारतात?"

"त्यांचंच."

"मग नकोच! ते आमच्या काकांचे मित्र. त्यांना नाव कळलं की दुसऱ्या फेरीपर्यंत अख्ख्या पनवेलला कळेल." मग तिने माझ्या टेबलावरच्या अक्षरांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "तुमचं तोंड कसं आहे?"

"म्हणजे?"

"बंद राहतं का?"

उत्तर बाहेरून आले. "त्याचं तोंड उघारलं तर आमी पेढं वाटू, पोरी," गोदूबाई म्हणाली.

ती मुलगी हसली. हसताना तिने मान किंचित वळवली आणि उन्हाचा पट्टा तिच्या कानातल्या छोट्या खड्यावर अडकला... मी घाईने कटर उचलले. त्याचे काही काम नव्हते.

तिचे नाव रुचिरा. तिच्या भावाच्या, निनादच्या मुलीचे रविवारी बारसे होते. तिने पर्समधून चार घड्या घातलेली चिठ्ठी काढली आणि टेबलावर उलगडली. एकच शब्द होता — तिरीप.

"वहिनीनं ठेवलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "दादा, वहिनी आणि मी, तिघांनाच माहीत आहे. आता तुम्ही चौथे. बाळाच्या कानात नाव सांगते आत्या, आणि आत्या मी एकटीच. दवाखान्यात वहिनीला शब्द दिलाय — बाकी कुणी काहीही म्हणो, मी हेच सांगणार."

"भीती नाही वाटत?"

"खूप वाटते. म्हणून तर अक्षरं मोठी करा."

"बुधवारी या," मी म्हणालो.

बुधवारी ती आली, तेव्हा रंग ओला होता. माघातली थंडी, खाडीवरून येणारा दमटपणा — पनवेलमध्ये रंग न वाळायला कारणे पुष्कळ असतात. पाटी मी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली होती. रुचिरा स्टुलावर बसली आणि मला मोबाइल दाखवू लागली.

"काकांनी फॅमिली ग्रुपवर मतदान घेतलंय. पत्रिकेत 'स' अक्षर आलं म्हणून समृद्धी — एकोणीस मतं. नीतामामीचं रेवा — अकरा. आणि एका आतेभावानं स्वतःच्या गाडीचं नाव सुचवलंय. त्यालाही दोन मतं पडली!"

"आणि तिरीप?"

"ते टाकलंच नाही. ग्रुपवर एखादी गोष्ट टाकली की सगळे तिच्यात आपापलं मीठ घालतात. मी प्रत्येकाला एकच उत्तर देते, 'छान आहे, विचार करू.' तुम्हीही शिकून ठेवा. फार उपयोगी पडतं."

"छान आहे," मी म्हणालो. "विचार करू."

तिने चमकून माझ्याकडे पाहिले. मग इतकी हसली की गोदूबाईने टोपलीवरून मान वर केली.

गुरुवारीही रंग ओला होता.

"तुमचं नाव कुणी ठेवलं?" तिने विचारले.

"आजोबांनी. मिठागरात काम करायचे. नातू तरी धनवान व्हावा, म्हणून धनेश."

"पण धनेश तर पक्षी! केवढी मोठी चोच असते त्याला. दुरून आवाज ओळखू येतो." तिने माझे तोंड निरखून पाहिले. "तुम्ही दोन्ही घरी ठेवून येता वाटतं?"

मला तिला पुष्कळ सांगायचे होते. नाव कापताना माणूस त्याच्या किती जवळ जातो. 'री'च्या वेलांटीचा बाक मनासारखा येईपर्यंत मी तीन तुकडे कसे वाया घालवले... मी फक्त म्हणालो, "उद्या बघू. वाळेल."

ती गेल्यावर गोदूबाईने अबोलीचा गजरा बांधता बांधता मला ऐकवले, "तुजा रंग लय शाना हाय रं. सगल्या गिऱ्हाइकांचा सुकतंय, हिचाच सुकत नाय."

दमट हवेचा दोष कुणाला देणार?

शुक्रवारी ती आली नाही. तिचे भगवानकाका आले. पायात पांढरे शुभ्र बूट, हातात घडी घातलेला टॉवेल.

"आमची रुचिरा तुमच्याकडे येते, असं प्रितेश म्हणाला. बारशाची पाटी ना? नाव काय दिलंय तिनं?"

मोठ्या माणसांना नकार देणे मला कधीच जमलेले नाही.

"हे बघा, ती लहान आहे. तिनं काय सांगितलं ते राहू द्या. 'समृद्धी' लिहा. घरातल्या एकोणीस जणांचं मत आहे."

"काका..." माझा आवाज मलाच ऐकू येईना. "ऑर्डर आत्याची आहे. नाव आत्याच सांगेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग फळीवरच्या गुंडाळ्यांकडे. "बरं," ते म्हणाले आणि तडक शेजारच्या दुकानात शिरले.

शनिवारी रुचिरा धावतच आली. "काका आले होते?"

"हो."

"मग... सांगितलंत?"

"नाही."

गोदूबाईकडून घेतलेल्या गजऱ्यातले एक अबोलीचे फूल तिने अलगद सोडवले आणि माझ्या टेबलावर, उन्हात ठेवले. "आणि रंग?" तिने विचारले.

"कडेला... थोडासा. उद्या मीच घेऊन येतो."

रविवारी नवीन पनवेलच्या त्यांच्या सोसायटीचा हॉल बायकांनी भरला होता. पाळण्यामागे काकांचा फ्लेक्स झळकत होता: 'समृद्धी', सोनेरी अक्षरांत, दोन मोर आणि एक हत्ती यांसह. माझी पाटी वर्तमानपत्रातच भिंतीला टेकून उभी होती. फ्लेक्सकडे पाहून रुचिराचा चेहरा उतरला. पाळण्यापर्यंतची चार पावले तिला जड गेली. मग तिने मला दारात उभे पाहिले — आणि वाकून बाळाच्या कानाशी ओठ नेले. वर उठून ती मोठ्याने म्हणाली,

"तिरीप!"

तिच्या पाठीत गुद्दे घालायला सरसावलेले बायकांचे हात हवेतच थांबले.

"तिरीप?" नीतामामी म्हणाल्या. "अगं, शाळेत पोरं काय काय चिडवतील!"

"पत्रिकेत 'स' आलंय," काका म्हणाले. "मतदान झालंय!"

तेव्हा बाळाची आई, स्नेहल, पाळण्याची दोरी धरून उभी राहिली. आवाज कापरा होता, पण तो थांबला नाही.

"मला तीन महिने अंथरुणातून उठायची बंदी होती, काका. सगळे कामाला जायचे. खिडकीतून रोज उन्हाची एक तिरीप यायची, पायापासून पोटापर्यंत. ती पोटावर आली की ही लाथ मारायची. त्या दिवसांत आम्हा दोघींना भेटायला न चुकता येणारं तेवढंच होतं."

तिने पाळण्याला हलकासा झोका दिला.

"किती वाजता यायची?" काकांनी विचारले.

"आठ वाजून दहा मिनिटांनी."

"आणि आता?"

"आता समोरच्या टॉवरचा अकरावा मजला झालाय. येत नाही."

काकांनी बाळाकडे पाहिले. मग खुर्चीवर चढून फ्लेक्सचा एक कोपरा सोडवू लागले. "पत्रिकेत समृद्धी राहील," ते पाठमोरेच म्हणाले. "हाक तिरीप मारू. पण या नावाला एकही मत नव्हतं, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा!"

हशा उसळला आणि थांबलेले सगळे हात एकदम रुचिराच्या पाठीवर पडले. त्या गर्दीत कुणीतरी माझ्या पाटीवरचा कागद काढला. बाळाने जांभई दिली.

ती मला जिन्यापर्यंत पोहोचवायला आली. हातात घुगऱ्यांची पुडी होती. "ही गोदूबाईंना."

"देतो."

"आता काम संपलं, नाही का?"

"हो..."

मी एक पायरी उतरलो. तिने वरून हाक मारली, "तुमच्या दुकानाच्या पाटीवर फोन नंबर आहे, धनेश. रंग वाळला का, हे मला घरबसल्या विचारता आलं असतं."

मी वळलो. तिच्या गालावर लाली होती. पण नजर माझ्यावरून ढळली नाही.

"मी माझं सांगितलं," ती म्हणाली. "आता तुम्ही सांगा. खरं. पाटी कधी तयार झाली?"

आठवडाभर मी गोदूबाईला, त्या रिकाम्या दुकानाला, स्वतःलाही जे कबूल केले नव्हते, ते एका वाक्यात मावण्याइतकेच होते.

"मंगळवारी," मी म्हणालो. "रंग मंगळवारीच वाळला होता."