कपाटाच्या दाराचा पत्रा

पैज लागली सलूनबाहेरच्या बाकावर, आणि लावली मीच. मी तोंड मिटून बसलोय असं आमच्या गल्लीत अजून कुणी पाहिलेलं नाही.

समोर पाववाल्याची जुनी व्हॅन उभी होती. पाववाला गेल्या वर्षी गेला, तेव्हापासून ती तिथंच. खालचा पत्रा गंजून असा झडला होता की मांजर एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघायचं. आता वहिनी, म्हणजे पाववाल्याची बायको, तीच गाडी दुरुस्त करून पाव पोचवणार, अशी बातमी होती.

"ही गाडी स्वतःच्या इंजिनावर चौकापर्यंत गेली, तर भर चौकात माझी अर्धी मिशी उडव," मी सलूनवाल्याला म्हणालो. "नाही गेली, तर तू पाण्याच्या टाकीवर चढून आरवायचंस. कोंबड्यासारखं."

"उजवी का डावी?" त्यानं वस्तरा पुसत विचारलं. सगळे खिदळले.

वहिनी मागं कधी येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही. त्या हसल्या नाहीत. "भावजी, महिनाअखेरीला गाडी बेकरीच्या दारात लागली तर काम आपलं, नाहीतर बेकरीवाला दुसरा माणूस ठेवणार. तुमच्याकडे पत्रा कापायचा ग्राइंडर आहे ना?"

झालं! गाडी चालणार नाही अशी पैज माझी, आणि गाडी दुरुस्त करणारा मीच. गल्लीला फुकटचा तमाशा.

पण काम मी मन लावून केलं. गंजलेल्या गाडीचं एक असतं, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. पेचकसाच्या मुठीनं ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भदभद वाजतो, आणि मग पेचकस बिस्किटात घुसावा तसा आत जातो. तेवढं कापायचं, पुठ्ठ्याचा माप-नमुना काढायचा आणि तसा तुकडा बसवायचा. नवा पत्रा परवडणारा नव्हता. भंगारातल्या फ्रिजच्या बाजू आणल्या, तेलाचं पिंप उलगडून फरशी केली. आमचा वेल्डर एक टाका इथं, एक लांब तिथं असं जोडायचा. सलग जोडलं की पत्रा तापून लाटा धरतो.

उजव्या बाजूचा लांब तुकडा काही मिळेना. तेव्हा वहिनींनी घरातल्या लोखंडी कपाटाचं एक दार काढून आणलं.

"ह्यांच्या कपड्यांची बाजू होती," त्या म्हणाल्या. "आता रिकामीच आहे."

दार बरोबर बसलं. इतकं बरोबर, की वेल्डरनं पुठ्ठा बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं.

त्यावरचा रंग मी घासून काढला. आत चकचकीत कोरा पत्रा. आणि माझ्या अंगात आलं. सलूनवाला सारखा फुशारक्या मारायचा की आपण कुणाच्या बापाला भीत नाही. मी वाटीत मीठ आणि व्हिनेगर कालवलं, तळहात बुडवला आणि पत्र्यावर चेपला. उघडं लोखंड रात्रीतून गंज धरतं, सकाळी लालभडक पंजा उठतो. म्हटलं, सकाळी सलूनवाल्याला हाक मारायची, ‘ये बघ, पाववाला भेटायला आलाय!’

सकाळी पोचलो तर वहिनी आधीच गाडीपाशी. हातातल्या चहावर साय धरली होती.

"भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "ह्यांचा हात."

मी हसायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. पंजा उठला होता. त्यात करंगळीशेजारच्या बोटाची खूण अर्धीच होती. पाववाल्याचं ते बोट पाव कापायच्या मशीनमध्ये गेलेलं.

माझं बोट नीट टेकलं नसेल, मी स्वतःला म्हणालो. दुसरं काय असणार?

त्या दिवशी मी गंज रोखणाऱ्या लाल रंगाचा, रेड ऑक्साईडचा डबा उघडला, तर वहिनींनी ब्रश काढून घेतला. "तेवढं राहू दे." बाकीची गाडी लाल झाली, तो तुकडा उघडाच. हवा दमट होती, गंज पसरत होता. वहिनी येता-जाता थांबायच्या, काहीतरी पुटपुटायच्या. एकदा ऐकलं. बेकरीवाल्यानं काय उत्तर दिलं, ते त्या पत्र्याला सांगत होत्या.

चेष्टा करायची ठरली होती ती त्या सलूनवाल्याची. आणि तोंडाशी आलेलं कबूल करायचं धाडस काही होईना. शेवटी वेल्डर बोलला, "असंच ठेवलं तर आरपार भोक पडेल. पुन्हा पत्रा कुठून आणायचा?"

वहिनी बेकरीत गेल्या तेवढ्यात मी ग्राइंडर लावला. पंजा घासून पांढरा केला, वर दोन हात रेड ऑक्साईड मारला.

त्या आल्या, पाहिलं.

"बरं केलंत," म्हणाल्या. "गाडी चालायलाच हवी."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वहिनी, तो मीच उठवला होता. मीठ लावून. गंमत म्हणून."

त्यांनी माझा हात ओढून उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला.

"तुमची तर सगळी बोटं धड आहेत, भावजी," त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी आतली बाजू रंगवायला गाडीत शिरलो. त्याच पत्र्याची आतली बाजू. तिथं मी मीठ लावलं नव्हतं.

पंजा होता. बोट अर्धं.

कुणाला न सांगता रंगवून टाकला.

मग तो तेलाच्या पिंपाच्या फरशीवर आला. ड्रायव्हरच्या सीटकडे थोडा सरकलेला. तोही रंगवला.

मग सीटच्या मागं. मग दारात.

मी रंगवत राहिलो. वेल्डरनं एवढंच विचारलं, "डबा संपला कसा रे?"

महिनाअखेरीला वहिनींनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, धूर सोडला आणि चालू झाली. वहिनी चालवायला नुकत्या शिकलेल्या, शिकवणीची गाडी प्रत्येक वळणावर बंद पाडायच्या. त्या दिवशी वळण कधी गेलं कळलंसुद्धा नाही. बेकरीवाला स्वतः चौकात आला होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "उद्या पहाटेपासून या." वहिनी किती दिवसांनी खळखळून हसल्या.

"मिशी!" गल्ली ओरडली. "मिशी! मिशी!"

गाडीला टेकवून स्टूल मांडलं. मी बसलो, पाठ कपाटाच्या त्या पत्र्याला लागलेली. बायका खिडक्यांतून वाकल्या. कुणीतरी थाळी बडवली.

"उजवी का डावी?" सलूनवाल्यानं थाटात विचारलं.

"ज्यानं तुझं समाधान होईल ती," मी म्हणालो. लोक हसले. मला बरं वाटलं. म्हटलं, एवढ्या हशात सगळं फिटलं असेल.

त्यानं फेस लावला. एका हातानं गाल ताणला, दुसऱ्या हातात वस्तरा. पहिली ओढ मारली. मी हसून मान हलवायला गेलो, ती हलेना. टाळूवर थंडगार, ओलसर असं काहीतरी घट्ट होतं. दुखत नव्हतं. वस्तऱ्याखाली लहान पोराचं डोकं धरावं, तसं.

"अरे, डोकं सोड की," मी म्हणालो.

सलूनवाला थांबला. वस्तरा वर, दुसरा हात माझ्या गालावर.

"मी कुठं धरलंय?"